एकाच वाडग्यातले तोपाई

लिफुका, हापाई बेटं
४ मे १९९४

ती. लोसे आत्यांस,
सेइनीचा सा. न. वि. वि.

बापाच्या वाडग्यात उरलेलं खाल्लंस तर गळा सुजेल, आणि आतून सुजेल, कुणाला दिसायचंही नाही, असं तुम्ही मला म्हणाला होतात. मी तेव्हा अगदी लहान होते. बाबांनी अर्धवट टाकलेल्या माशाकडे माझा हात गेला आणि तुम्ही मनगटावर चापट मारलीत. परवा चुलीपाशी बसले असताना ते वाक्य आठवलं आणि एकटीच हसले. आता माझी चाळिशी उलटली. बाबांच्या वाडग्यात रोज अर्धं उरतं आणि ते खावंसं वाटेल असा प्राणी या बेटावर नाही. डुकरंसुद्धा आधी हुंगून बघतात.

नाताळात झटका आल्यापासून त्यांची उजवी बाजू गेली ती गेलीच. दवाखान्यातली नर्स पालू म्हणते, मऊ द्या. मी डब्यातला मासा कुस्करून दिला, तो थुंकला. केळं थुंकलं. मग एक दिवस वाकड्या तोंडातून शब्द आला, तोपाई. मला बरं वाटलं. घरात दुसरं काही नसलं तरी मैदा, साखर आणि नारळ असतातच. मैदा चाळून किडे काढले, गोळे उकडले, करपवलेल्या साखरेत नारळाचं दूध घालून वर ओतलं.

पण आत्या, माझे तोपाई वरून बुळबुळीत आणि आतून खळीसारखे होतात. बाबा गोळा चोखतात आणि परत वाडग्यात सोडतात. पाकाची तार हनुवटीवरून छातीवर येते, तिच्यावर माशा बसतात. मी पुसते, पण लेकीने बापाच्या डोक्याला हात लावायचा नाही हेही तुम्हीच शिकवलेलं. मग हनुवटी डोक्यात धरायची की नाही? रोज फडकं हातात घेऊन मी तिथेच अडते.

मला किळस येते. त्या गोळ्यांची येते, त्यांच्या तोंडाच्या वासाची येते, आणि किळस येते म्हणून स्वतःचीही येते. चर्चमधल्या बायका म्हणतात, सेइनी, केवढी ग सेवा करतेस. त्यांना हे कसं सांगू? आई असती तर तिला सांगितलं असतं. दोघं भाऊ सिडनीहून पैसे पाठवतात आणि तब्येत विचारतात.

तुमचे तोपाई कसे व्हायचे ते सविस्तर लिहा. माझा गोळा तोंडात घेतला की ते मान फिरवतात. हा नव्हे, असंच काहीतरी म्हणतात.

लोभ आहेच, तो पत्राच्या उत्तरात दिसावा.
तुमची सेइनी


ऑकलंड
१९ मे

चि. सेइनीस,
अनेक आशीर्वाद.

तू तोपाई करतेस की भिंतीला गिलावा? अगं, पीठ मळतं का कुणी! पाव भाजायचाय का तुला? पीठ सैल ठेव, चमच्यावरून जड पडेल इतकं. मुठीत घे आणि अंगठ्याजवळून पिळून सोड. पाणी खळखळत असलं पाहिजे. नुसतं कोमट झालं की तू टाकत असणार, लहानपणापासून तुला धीर नाही. गोळे वर आले तरी लगेच काढू नकोस, त्यांना जरा गडबडा लोळू दे. साखर भांड्यातच करपव, धूर निघायच्या आत नारळाचं दूध ओत आणि मग उकळू नकोस. फाटलेल्या दुधातले तोपाई म्हणजे ओकारीच.

इकडे आमच्या नातसुनेने पाकिटातलं पुडिंग केलं. चूल नाही, विस्तव नाही, गार दुधात पूड घातली की झालं म्हणे. ताटलीत ते समुद्रातल्या जेलीमाशासारखं थरथरत होतं. मी कुत्र्यापुढे ठेवलं. कुत्र्याने माझ्याकडे असं बघितलं की मलाच लाज वाटली.

नाताळात तू फोन तुझ्या बाबांच्या कानाला लावलास, तसं परत करू नकोस. मी मोठी व्हायला लागले त्या वर्षापासून, आपल्या रीतीप्रमाणे, आम्ही बहीणभाऊ एका छपराखाली बसलो नाही. मी घरात असले की तो अंगणातूनच खाकरायचा, आणि मी मागच्या दाराने निघून जायची. त्याने माझा मान राखला, मी त्याचा. म्हातारपणी त्याच्या कानात बोलून तो मोडायचा नाही मला.

किळस येते तर येऊ दे. हात थांबवू नकोस.

बारीक विणीची ती मोठी चटई नीट आहे ना? कसर लागू देऊ नकोस. वेळ आली की शोधाशोध नको.

जिव्हाळा ठेव आणि पीठ सैल ठेव.
तुझी आत्या


लिफुका
१२ जून

ती. आत्यांस,
सा. न.

चटई नीट आहे. कसर लागलेली नाही.

पीठ सैल ठेवलं, तोपाई छान झाले. बाबांनी एक गोळा चावून गिळला, चोखून टाकला नाही. मी देवाचे आभार मानते आहे तोवर त्यांनी डाव्या हाताने वाडगा माझ्याकडे ढकलला आणि म्हणाले, लोसे, आता तू.

आत्या, तुमचं नाव मी त्यांच्या तोंडून जन्मात ऐकलं नव्हतं.

मी म्हटलं, बाबा, मी सेइनी. त्यांनी ओठ मिटले. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. एक गोळा, मग वाडगा माझ्याकडे, मग बंद तोंड. मधूनमधून ते तुकड्या-तुकड्याने बोलतात. वादळात छप्पर गेलं. उलट्या होडीखाली दोघं. एक वाडगा. कुणी जास्त घेऊ नये म्हणून आळीपाळीने एकेक गोळा. लोसे लबाड, मोठा घेते. हे सांगताना त्यांचं अर्धं तोंड हसतं. पालू म्हणाली, असंच चाललं तर थंडी संपायच्या आत ते संपतील.

म्हणून मी खाल्ला.

तुम्ही दुसऱ्या कुणाकडून ऐकण्याआधी मीच सांगते. सगळ्यात लहान गोळा उचलला. गार होता, त्यांची लाळ लागलेला, एका बाजूला त्यांच्या उरलेल्या दातांची खूण. जिभेवर ठेवला. डोळे मिटून गिळला. तो उतरताना कळत होता, छातीपर्यंत. डोळे उघडले तर बाबांनी आ केला होता. त्यांचा एक, माझा एक, असं करत वाडगा रिकामा झाला. नाताळानंतर पहिल्यांदा. मग स्वयंपाकघरामागे जाऊन मी सगळं ओकले. तेव्हापासून रोज हेच चाललंय. बोटांनी गळा चाचपून बघते.

रागावलात तरी माया आटू देऊ नका.
सेइनी


ऑकलंड
२७ जून

चि. सेइनी,

आशीर्वाद शेवटी लिहीन, जमलं तर.

तुझं पत्र वाचून मला शिसारी आली. हात धुऊन आले तरी जाईना. बापाचं उष्टं पोरीच्या तोंडात, आणि तेही माझ्या नावाने! त्या आजारी माणसाला फसवलंस तू. पाद्रीबाबांकडे जा आणि सांग. आजपासून हे बंद. पालूला बोलाव, तिला चमच्याने भरवू दे. तिला कसला आलाय विटाळ.

मी यायची तेव्हा येईन. तिकिटाचे पैसे बाजूला ठेवलेत.

आणि मोठा गोळा मी कधीही घेतला नाही. तोच माझ्याकडे सरकवायचा. मी नको म्हटलं की रडायचा, म्हणून खायची. त्याला सांग. नको, सांगू नकोस.

कागद संपला.
आत्या


लिफुका
२० जुलै

ती. आत्यांस,
सेइनीचा नमस्कार, पायांवर डोकं ठेवून.

तुमचा शब्द मोडायची माझी छाती नाही. पालूला बोलावलं. बाबांनी तिचा चमचा दातांत धरून ठेवला, तो सोडवताना हिरडीतून रक्त आलं. पाकात रक्त मिसळलेलं बघून मी बाहेर गेले. गाल आत गेलेत त्यांचे. शेवटी मी पुन्हा वाडगा घेऊन बसले. गळा अजून सुजलेला नाही, तुम्हाला कळावं म्हणून लिहिते.

पण काल वेगळंच झालं. त्यांनी बोटाने सगळ्यात मोठा गोळा माझ्याकडे सरकवला. तुमचं पत्र आलेलं होतं, तो मोठा गोळा तुम्ही खायचात हे मला माहीत होतं. पण तो त्यांच्या तोंडात एकदा जाऊन आला होता, आत्या. वर पांढरा फेस होता. माझा हात गेलाच नाही. मी कडेचा लहान गोळा उचलला. त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं, नाताळानंतर इतकं नीट कधी बघितलं नव्हतं, आणि म्हणाले, तू लोसे नाहीस.

तेव्हापासून तोंड मिटलेलं आहे. आज मी मोठा उचलून खाल्ला. ते बघतही नव्हते.

आत्या, ते गेले की तुम्ही याल. ती चटई तुमच्यासाठीच अंथरू. ज्या डोक्याला मला हात लावता येत नाही त्याच्या उशाशी तुम्ही बसाल, आणि सारं गाव म्हणेल, बहीण आली, मान राखला. तेव्हा त्यांचं तोंड फडक्याने बांधलेलं असेल. हे दृश्य डोळ्यांपुढे आलं की मला त्या वाडग्यापेक्षा जास्त शिसारी येते. रागावू नका, खरं तेच लिहिते.

ते पैसे आत्ताच खर्च करा. मध्ये कापड टांगते. तुम्ही त्यांच्याकडे पाठ करून बसा, बोलू नका, बघू नका. नुसता हात वाडग्यापर्यंत येऊ दे. भाचीने आत्याकडे काही मागायचं नसतं, आत्याने मागायचं आणि भाचीने द्यायचं. माझ्या घरातली कुठलीही वस्तू तुम्ही न विचारता उचलून नेऊ शकता, आणि मी काही मागितलं तर नाही म्हणायचा हक्क तुमचाच आहे. तुम्ही नाही म्हणाल, मला माहीत आहे.

तरी मैद्याची नवी पिशवी आणून ठेवलीय. ते मोठा गोळा सरकवतील. तेवढा खायला या.

तुमची
सेइनी