नावासकट दिलेली फ्लॉपी

२२ सप्टें. ९७
पासवर्ड सांभाळायचा प्रोग्रॅम झाला एकदाचा. सगळे पासवर्ड एकाच पासवर्डच्या आत. कुलूप लावणारा भाग माझा नाही, परदेशातल्या एका प्रोग्रॅमरने फुकट वाटलेला. त्याची अट एवढीच: पुढे द्याल तर माझं नाव ठेवा, सोर्स म्हणजे प्रोग्रॅमचा मूळ मजकूरही द्या.

२४ सप्टें.
साहेब म्हणाले, "नाव काढ. गिऱ्हाइकाला सोर्स द्यायचा नाही."
"सर, त्याची अट आहे."
"तो काय इथे ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये बघायला येणारे?"
सगळे हसले. मला चीड आली. फुकट घेताना बरं गोड लागतं!
नाव त्यांनीच काढलं. सोर्स एका फ्लॉपीत घेऊन मशीनवरचा पुसला, फ्लॉपी त्यांच्या ड्रॉवरमध्ये. आमच्यावर विश्वास नाही. मी आधीच एक कॉपी काढलेली.

२७ सप्टें.
कोपरीच्या पतपेढीत प्रोग्रॅम बसवला. मॅनेजर म्हात्रेकाकांना माझी कॉपी दिली, नावासकट.
"याचा मी काय करू गो?"
"ठेवा काका, तुमचा हक्क आहे."
साहेबांना कळलं तर नोकरी गेली. पपांची कंपनी बंद पडल्यापासून घर माझ्यावर. तरी दिली.

१० ऑक्टो., खंडेनवमी
मशीनची पूजा, झेंडूच्या माळा. साहेबांनी ड्रॉवरमधली ती फ्लॉपीही पाटावर ठेवली. झाकण सरकवून आतल्या चकतीला कुंकू लावलं!
"सर, आत नको!"
"अगं, खरी लक्ष्मी आतच आहे."

१३ ऑक्टो.
पतपेढीतून फोन. नवा पासवर्ड टाकला की जुने उघडत नाहीत. चूक माझ्या भागातली. दुरुस्तीला सोर्स हवा, आणि फ्लॉपी वाचेना. नुसती खरखर.
साहेब म्हणाले, "कुणाकडे कॉपी आहे? सांगा, मी रागावणार नाही."
शाळेपासून ऐकतेय हे. पतपेढीत कॉपी आहे हे सांगितलं नाही. लाज वाटतेय.

१४ ऑक्टो.
कोपरीला गेले. कॉम्प्युटर बंद, पैसे काढायला आलेल्या कोळणी पायरीवर खोळंबलेल्या. एक म्हणाली, "पोरीची फी भरायचीय गो, कधी चालू व्हनार?" मी सरळ आत गेले.
काकांनी कपाटातून फ्लॉपी काढली. "तुझी नोकरी जायची नाय ना?"
"माहीत नाही, काका."
दुरुस्ती ऑफिसच्याच मशीनवर होणार. चोरून जमण्यासारखं नाही.

१५ ऑक्टो.
फ्लॉपी साहेबांच्या टेबलावर ठेवली. सगळं सांगितलं.
"दुरुस्त करते. पण त्याचं नाव राहील, आणि सोर्स पतपेढीकडे."
साहेब लेबलकडे बघत राहिले. त्या परक्या माणसाचं नाव, माझ्या अक्षरात.
"आधी काम कर. तुझं नंतर बघतो."
दुपारी पतपेढी सुरू झाली. प्रोग्रॅम उघडला की पहिलं त्याचं नाव येतं. साहेबांनी दिवसभर पुन्हा बोलावलं नाही.
आई विचारतेय, उद्या डबा किती वाजता? म्हटलं, नेहमीच्याच वेळी.