पिल्लासाठी जातीचा दाखला

२ नोव्हेंबर २०२५, रविवार

कुत्रा घ्यायचा. निर्णय पक्का. रविराजशी याचा काहीही संबंध नाही.

रविराज म्हणजे माझा मावसभाऊ. शेजारच्या बिल्डिंगमध्ये राहतो. त्याच्याकडे लॅब्रेडॉर आहे, ब्रूनो. आज ब्रूनो आमच्याकडे आला तेव्हा आईने त्याला तूप लावून पोळी दिली. वर म्हणाली, आला का माझा राजा. मी दोन मिनिटं आधीच दहा किलो दळण घेऊन आलो होतो. मला म्हणाली, पीठ सांडू नकोस.

हेवा नाही. फक्त नोंद.

४ नोव्हेंबर, मंगळवार

नाशिकच्या द्वारका चौकात ज्या फ्लेक्सच्या दुकानात मी मजकूर तपासतो, तिथे दुपारी गिऱ्हाईक कमी. पिल्लू कसं निवडावं यावर पाच व्हिडिओ बघितले. अकरा चाचण्या वहीत उतरवल्या. किल्ल्या पाडणे, टाळी वाजवणे, उताणं धरणे इत्यादी. रविराजने एकही चाचणी घेतली नव्हती. म्हणाला, मॅडमनी जे दिलं ते आणलं. निष्काळजी माणूस.

या मॅडम म्हणजे देवळाली कॅम्पच्या प्रतिभा मॅडम. मिस्टर फौजेतून रिटायर. वर्षातून एकदाच पिल्लं. फोन केला. म्हणाल्या, आमच्याकडून आधी नेलेल्या कोणाची तरी ओळख लागते.

माझ्या ओळखीत असा एकच आहे. दोन दिवस विचार करणार.

६ नोव्हेंबर, गुरुवार

रविराजला सांगितलं. एवढा खूश झाला की संशय आला. म्हणाला, लल्या, भारी रे, ब्रूनोला भाऊ मिळाला. माझा कुत्रा अजून आलेला नाही, तोवर त्याच्या कुत्र्याचा भाऊ झाला.

मॅडमनी फॉर्म पाठवला. अठरा प्रश्न, शुद्धलेखनाच्या सात चुका. 'पिल्लु' ऱ्हस्व. प्रिंट काढून लाल पेनाने दुरुस्त केल्या. त्यांना आवडेल.

फिरवणार कोण, किती वाजता? मी, सकाळी सहा. (सध्या साडेआठला उठतो. उद्यापासून सहा.)

कुत्रा का हवा? आधी 'मावसभावाकडे आहे' लिहिलं. मग खोडून 'प्राणिमात्रांविषयी जिव्हाळा' लिहिलं. खोडलेलं वाचता येतं, पण खाडाखोडीवर सही केली आहे.

'जात' असाही रकाना होता. विचित्र वाटलं, पण फौजी लोक शिस्तीचे. लिहिली. दाखल्याची झेरॉक्स जोडली, स्वतः साक्षांकित करून. रविराजचा दाखला अजून निघालेलाच नाही. तरी त्याला कुत्रा मिळाला कसा, हे एकदा विचारलं पाहिजे.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

पावणेनऊला उठलो.

९ नोव्हेंबर, रविवार

देवळाली कॅम्प. रविराजच्या बाइकवर, मागे बसून.

मॅडमनी आधी हात धुवायला लावले. मग पिल्लांच्या आईच्या खुब्याचे एक्स-रे दाखवले, लॅब्रेडॉरमध्ये खुब्याचं दुखणं आईकडून येतं म्हणे. मी बराच वेळ मान हलवली. मग त्यांनी माझा फॉर्म काढला आणि पदर तोंडाला लावला. म्हणाल्या, अहो दादा, जात कुत्र्याची विचारली होती. लॅब्रेडॉर लिहायचं होतं. त्यांचे साहेब फक्त मला बघायला आतून बाहेर आले. म्हणाले, पडताळणी झाली का?

रविराज हसत हसत खालीच बसला. सहाच्या सहा पिल्लं त्याच्या अंगावर. त्याच्या पँटला ब्रूनोचा वास होता. हा गैरप्रकार आहे.

चाचण्या सुरू केल्या. किल्ल्या पाडल्या, एका पिल्लाने पळवल्या. टाळी वाजवली, पिल्लांच्या आईने माझ्याकडे बघितलं. टाळी थांबवली. चौथ्या चाचणीचं पान एका पिल्लाने खाल्लं. छातीवर पांढरा ठिपका, हुशार. तेच निवडलं.

मॅडम म्हणाल्या, निवडते मी, तुमचं घर बघून. तोवर इकडच्या तिकडच्या गप्पा मारत होत्या. चप्पल फाडली तर काय कराल, असलं काहीतरी. म्हटलं, पहिल्या वेळी लेखी समज देईन. रविराजला पुन्हा बसावं लागलं.

एकंदर छाप चांगली पडली.

१६ नोव्हेंबर, रविवार

मॅडम घर बघायला आल्या. आईकडून उत्तरं आठवडाभर पाठ करून घेतली होती. तिने एकही दिलं नाही. दोघी दोन तास बोलत बसल्या. मी चहा करत होतो. आईचा आवाज आला, लहानपणापासून असाच हो, याला दुसऱ्याच्या ताटातलं लागतं. कोणाबद्दल बोलत होती कळलं नाही.

रविराजही आला होता, ब्रूनोला घेऊन. बोलावलं नव्हतं. म्हणाला, मावशीच्या घरी बिनधास्त द्या मॅडम.

मॅडमनी हो म्हटलं. म्हणजे शेवटी माझी तयारी कामी आली.

२३ नोव्हेंबर, रविवार

पिल्लू आलं. ठिपक्याचं नाही, दुसरं, कोपऱ्यात शांत बसणारं. मॅडम म्हणाल्या, घरात एक अस्वस्थ आहे तेवढा पुरे.

करार झाला. सांभाळणं जमलं नाही तर पिल्लू परत त्यांच्याकडेच द्यायचं. मालक म्हणून आईचं नाव. मी चूक दाखवली. म्हणाल्या, चूक नाही.

नावांची यादी केली होती, बावीस नावं. पिल्लू बुधवारी जन्मलेलं. आईने हाक मारली, बुधा. ते उठून तिच्याकडे गेलं. यादी संपली.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

बुधा आईच्या पायाशी झोपतो. मी शिट्टी वाजवली तर डोळा उघडतो आणि मिटतो. रविराज जिन्यात खोकला तरी शेपूट हलवतो. मुद्दाम खोकत असणार.

बुधाने माझी चप्पल फाडली. समज लिहून भिंतीवर लावली. संध्याकाळी तीही फाडली.

आज बुधासाठी भातात पनीर. मला काल रात्रीची मुगाची आमटी. विचारलं तर आई म्हणाली, तो लहान आहे.

३० नोव्हेंबर, रविवार

लसीसाठी डॉक्टरांकडे गेलो. रिक्षात बुधा आईच्या मांडीवर, मी पुढे ड्रायव्हरला चिकटून. डॉक्टरांनी कार्ड भरलं. माझ्याकडे बघून आईला विचारलं, हे कोण?

आई म्हणाली, हा त्याचा दादा.

सुई बघून बुधा ओरडला. आई म्हणाली, बघत काय उभा राहिलास, मोठा ना तू, धर की त्याला. धरला. छोटंसं, गरम, थरथरणारं अंग. त्याने तोंड माझ्या कोपरात खुपसलं, मनगटाला नखं रोवली. अर्धं मिनिट. मग उडी मारून आईकडे.

घरी येताना आईने तीनदा विचारलं, दुखतंय का रे फार? दोनदा मी नाही म्हणालो. मग कळलं, बुधाला विचारते आहे.

चोवीस वर्षं मी एकुलता एक होतो.