सावलीचा नकाशा आणि तीन दरपत्रके

अण्णा,

तुम्हांला जाऊन बावीस वर्षे झाली. एवढ्या काळात तुम्हांला लिहावे असे कितीदा तरी मनात आले आणि दर वेळी कारण मोठे होते: नोकरी, घर, मुलीचा जन्म. लिहिले मात्र एकदाही नाही. आज लिहायला बसलो आहे ते घराच्या छपरावर बसवलेल्या सौर पॅनेलमुळे. न्यू जर्सीतल्या पिस्कॅटवे गावी, आमच्या स्वयंपाकघरात, शनिवारची सकाळ आहे. समोर दरपत्रकांची फाइल उघडी आहे आणि मी थकलो आहे. हा कामाचा थकवा नव्हे. तो झोपेने जातो.

आधी प्रकरण समजावून सांगितले पाहिजे, कारण मूळ मुद्दा कळल्याशिवाय तुम्ही पुढचे पान उलटणार नाही. आमचे छप्पर उतरते आहे आणि त्याची एक बाजू जवळजवळ बरोबर दक्षिणेला आहे. त्या बाजूवर दाराच्या फळीएवढी काचेची पॅनेल बसवायची. त्यांवर ऊन पडले की वीज तयार होते. ती घरात जशीच्या तशी चालत नाही, म्हणून तिला वापरण्याजोगे करणारी एक पेटी तळघरात लावायची. तिला इन्व्हर्टर म्हणतात. दुपारी आम्ही सगळे बाहेर असतो, तेव्हा उरलेली वीज तारांतून परत कंपनीकडे जाते आणि मीटर उलटा फिरतो. खरोखर उलटा, अण्णा! पहिल्या दिवशी मी मीटरसमोर पंधरा मिनिटे उभा होतो. तुम्ही असता तर खुर्ची मागवली असती. खर्च मोठा असतो, पण निम्म्याहून अधिक भार राज्य सरकार उचलते. त्यामुळे दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात मी ठरवले की दरपत्रके मागवायची. आणि मागवायची तर तुमच्या पद्धतीने.

तुमची पद्धत मला जळगावच्या घरातून आठवते. पाटबंधारे खात्याच्या खरेदी शाखेत तुम्ही होतात, आणि पुरवठादारांच्या दरांचा तुलनात्मक तक्ता एवढा मोठा असायचा की तो घरात फक्त स्वयंपाकघराच्या फरशीवर मावत असे. रविवारी सकाळी तुम्ही तो पसरता, चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवता, आणि आई म्हणते, "आता पोळ्या लाटू कुठे, तुमच्या धरणावर?" तुम्ही मान वर न करता म्हणता, "दहा मिनिटं." ती दहा मिनिटे दुपारपर्यंत चालत. मी शेजारी बसून रकाने वाचतो. एकदा मी उत्साहाने सांगितले की तिसऱ्या पुरवठादाराचा दर सर्वांत कमी आहे. तुम्ही पेन्सिल खाली ठेवलीत. "त्यानं भाडं धरलंय का? जकात? जोडणी? नाही ना? मग कमी कशावरून म्हणतोस? सगळ्यांना आधी एका पायावर आण, आणि मग तोंड उघड." वर्गात कोणी रागावले तर मी विसरून जात असे. हे वाक्य मात्र माझ्याबरोबर अमेरिकेपर्यंत आले. मी गाडी अशीच घेतली, टीव्ही असाच घेतला. माझी बायको लोकांना सांगते की लग्नाआधी ह्याने तक्ता केला नव्हता, एवढंच माझं नशीब.

पहिले दरपत्रक आले ते एका मित्राचे. ते मूळचे नागपूरचे, माझ्याहून आठ वर्षांनी मोठे. आमची मुलगी त्यांना काका म्हणते. पूर्वी आम्ही एकाच टेलिफोन-यंत्रांच्या कंपनीत होतो. तो धंदा कोसळला तेव्हा माझी नोकरी कशीबशी टिकली, त्यांची गेली. मधली काही वर्षे त्यांनी मिळेल ते काम केले, मग सौरऊर्जेचे प्रशिक्षण घेतले, परवाना काढला, एक जुनी पांढरी व्हॅन घेतली. काम मात्र एकही मिळाले नव्हते. "लोकं विचारतात, आधीचं रूफ दाखवा," ते मला म्हणाले होते. "आता पहिलं रूफ झाल्याशिवाय आधीचं कुठून आणू, बाप्पा? दिवाळीपर्यंत बघतो. एक मिळालं तर दहा मिळतील. नाही मिळालं तर परत आपलं कोडिंग, जिथं मिळेल तिथं." हे सांगताना ते हसत होते. त्यांच्या घरी कॉलेजात जाणारी दोन मुले आहेत आणि पत्नी औषधांच्या दुकानात काम करते, हे मला ठाऊक होते.

माझ्या छपरासाठी त्यांनी दोन रविवार दिले. त्यांच्याकडे एक उपकरण होते, ते तुम्हांला फार आवडले असते. पारदर्शक अर्धगोल घुमट आणि त्याच्याखाली सूर्याच्या बाराही महिन्यांच्या वाटा छापलेला कागद. घुमटावर भोवतालची झाडे आणि घरे यांचे प्रतिबिंब उमटते; त्याची कड पेन्सिलीने कागदावर गिरवली की कोणत्या महिन्यात किती वाजता तिथे सावली असेल ते एका दृष्टिक्षेपात कळते. छपरावर सात ठिकाणी ते ठेवून त्यांनी सात कागद केले आणि त्यांतून एक नकाशा तयार केला. शिडीखालून मी विचारले, "एवढं करावं लागतं?"

"करावं लागतं ना, भाऊ. शेजाऱ्याचा ओक पाहिला? ऑक्टोबर ते फेब्रुवारी, दुपारनंतर तुझा हा कोपरा पूर्ण खाऊन टाकते तो."

"पण एकाच कोपऱ्यावर तर सावली पडेल."

"तेच तर. एका ओळीतली पॅनेल म्हणजे एका दोरीला बांधलेली माणसं समज. एक लंगडला की सगळे त्याच्या चालीनं चालतात. कोपऱ्यात सहा जास्त लावली तर बिल वाढते, वीज नाही."

म्हणून त्यांनी चोवीसऐवजी अठराच पॅनेल सुचवली, दोन ओळींत, नैर्ऋत्येचा कोपरा मोकळा सोडून. विकायला आलेला माणूस स्वतःहून कमी विकतो, हे मी पहिल्यांदाच पाहत होतो. जाताना ते म्हणाले, "तीन कोटेशन घे, मीच सांगतो. माझं आवडलं तर दे."

दुसरे दरपत्रक एका मोठ्या कंपनीचे. त्यांचा टाय लावलेला प्रतिनिधी अंगणातूनच छप्पर पाहून गेला आणि चोवीस पॅनेलांचा दर पाठवला. तिसरे छपरे दुरुस्त करणाऱ्या एका ठेकेदाराचे: बावीस पॅनेल, त्यात नगरपालिकेच्या परवान्याचा खर्च धरलेला नाही, हमी अर्धवट. मी तक्ता मांडला. मुलगी डोकावून म्हणाली, "बाबा, इट्स अ रूफ, नॉट अ डॅम." तिला मी समजावून सांगितले की धरण असो वा छप्पर, अठराची चोवीसशी तुलना होऊच शकत नाही, सगळ्यांना एका पायावर आणावे लागते. ते बोलताना मला तुमचा आवाज माझ्या घशात ऐकू येत होता, आणि खरे सांगतो, फार बरे वाटत होते.

आणि मग मी त्यांना एका पायावर आणले. मित्राचा नकाशा ऑफिसात स्कॅन केला आणि उरलेल्या दोघांना पाठवून दिला: कृपया याच रचनेनुसार दर कळवावा. स्कॅन करण्यापूर्वी कोपऱ्यातले त्यांचे नाव मी पांढऱ्या शाईने झाकले. पुरवठादारांची नावे एकमेकांना कळू नयेत, हाही तुमचाच नियम ना? त्या वेळी मला वाटले, मी किती काटेकोर आहे.

ठेकेदाराने उत्तरच दिले नाही; मोठ्या कंपनीने चार दिवसांत नवे दरपत्रक पाठवले. अठरा पॅनेल, दोन ओळी, नैर्ऋत्येचा कोपरा मोकळा. ते माल गाडीभर घेतात, मित्र अठरा पॅनेल घेणार होते; किमतीत जे अंतर पडायचे ते पडले. बायको म्हणाली, "काम काकांनाच दे ना रे. पैसे थोडे जास्त गेले तर गेले." मी म्हणालो की आपला माणूस म्हणून काम द्यायचे नसते, तसेच आपला माणूस म्हणून नाकारायचेही नसते, तक्ता सांगेल ते करायचे. वाक्य चांगले होते.

काम त्या कंपनीला दिल्याचे मित्राला मी फोनवर कळवले.

"किती फरक होता?" त्यांनी विचारले.

"तो आकडा मला सांगता येणार नाही. नियमात बसत नाही."

"बरं." मग म्हणाले, "आधी एक फोन केला असता ना, तर मी थोडं खाली आलो असतो. पहिलं काम होतं, मार्जिन सोडलं असतं पूर्ण."

"सगळ्यांना सारखाच न्याय, दादा."

"हो हो, ते बरोबर आहे. बिझनेस आहे. तू टेन्शन नको घेऊ."

म्हणजे पाहा, अण्णा: दुसऱ्यांची किंमत मी त्यांच्यापासून प्राणपणाने लपवली, आणि त्यांची दोन रविवारांची मेहनत मात्र दुसऱ्यांना फुकट वाटली. दोन्ही गोष्टी मी एकाच नियमाच्या नावाने केल्या आणि त्यांत मला काहीही विसंगत दिसले नाही.

दिसले ते नंतर, काम सुरू झाल्यावर. जेवताना बायकोने सहज विचारले, "त्यांचा तो नकाशा परत दिलास का?" मी नाही म्हणालो, आणि घास हातातच राहिला. कारण त्या क्षणी मला तुमची कचेरी आठवली. मी शाळेतून थेट तिथे आलो आहे, सुट्टीचे दिवस जवळ आले आहेत. एका लहान कारखानदाराने स्वतः विहिरींवर फिरून, खोली मोजून, पंपांचा आराखडा दरपत्रकाला जोडलेला होता. काम दुसऱ्याला गेले होते. मोठे साहेब तुमच्या टेबलाशी येऊन म्हणतात, "तो आराखडा ज्याला काम दिलंय त्याला देऊन टाका, म्हणजे पुन्हा मोजायला नको." तुम्ही उभे राहता. "तो परत गेला, साहेब. सकाळच्या टपालानं, सील करून."

"कोणाला विचारून?"

"काम न मिळालेल्यांचे कागद परत करायचे असतात, साहेब."

साहेब निघून गेले. तुमची बढती त्यानंतर दोनदा अडली. आई ती गोष्ट कधी विसरली नाही. घरी येताना मी म्हणालो होतो की एक कागद दिला असता तर काय बिघडले असते, सरकारचेच काम होते. तुम्ही सायकल थांबवलीत. ओरडला नाहीत. "तक्ता आपला. मोजमाप त्याचं," एवढेच म्हणालात. मला तेव्हा ते चिडवणारे वाटले होते, कारण मला साहेबांच्या मुलासारखी क्रिकेटची बॅट हवी होती आणि ती बढतीवर अवलंबून होती. कदाचित म्हणूनच मी रकाने लक्षात ठेवले आणि हे विसरलो. कदाचित म्हणूनच, असे मी लिहितो आहे. खरे कारण सोपे असावे. ते आठवणे मला परवडणारे नव्हते.

दिवाळीत मित्र फराळाचा डबा घेऊन आले. सकाळची वेळ, स्वच्छ ऊन. मी गाडी पुसत होतो. व्हॅन रस्त्यावर लावून ते अंगणात आले आणि डबा हातात तसाच ठेवून वर पाहू लागले. छपरावर दोन ओळी चमकत होत्या आणि नैर्ऋत्येचा कोपरा मोकळा होता. खालून पाहणाऱ्याला तो कोपरा सोडण्याचे काहीच कारण दिसत नाही. उलट काम अर्धवट राहिल्यासारखे वाटते; शेजाऱ्याने तर मला तसे विचारलेही होते. छपरावर सात ठिकाणी बसून सात कागद केल्याशिवाय तो कोपरा कोणी सोडणार नाही. आणि ते सात कागद करणारा माणूस माझ्यासमोर उभा होता.

बराच वेळ ते पाहत राहिले. मग म्हणाले, "कोपरा सोडला त्यांनी."

त्या वेळी मला बोलता आले असते. वाक्य लहान होते. मी म्हणालो, "हो. त्यांनी मोजमाप नीट केलं."

त्यांनी माझ्याकडे पाहिले. रागाने नव्हे, एखाद्या आकड्याची बेरीज पुन्हा करून पाहावी तसे. "चांगलं आहे," ते म्हणाले. "लोकं बघत नाहीत एवढं." मग डबा माझ्या हातात दिला. "चिवडा थोडा तिखट झाला आहे, सांभाळून घे." आत या म्हटले तर घाई आहे म्हणाले.

जानेवारीत ते कंत्राटी नोकरीवर ओहायोला गेले. पत्नी आणि मुले इथेच आहेत. ते महिन्यातून एकदा गाडी चालवत येतात असे कळते. व्हॅन विकली. पॅनेल उत्तम चालतात. आमचे विजेचे बिल जवळजवळ शून्यावर आले आहे, आणि इथली मराठी मंडळी दरपत्रकांची तुलना कशी करावी हे विचारायला माझ्याकडे येतात. मी तक्ता काढून दाखवतो, किलोवॉट म्हणजे काय, हमी कशी वाचावी, एका पायावर कसे आणावे, सारे समजावतो. अजूनही मला ते समजावायला आवडते. गेल्या आठवड्यात एकाने विचारले, "पण हे सावलीचं कोणी काढून दिलं तुम्हांला?" मी म्हणालो, कंपनीने. दुसऱ्यांदा म्हणताना फारसे जड गेले नाही, आणि त्याच गोष्टीने मला इतके थकवले आहे.

हे पत्र तुम्हांला पोचणार नाही, म्हणूनच मी ते एवढ्या मोकळेपणाने लिहू शकलो. नकाशा अजून या फाइलमध्येच आहे, त्यावरची पांढरी शाई नखाने खरवडली तर खालचे नाव वाचता येते. त्यांची पत्नी इथून तीन मैलांवरच्या दुकानात रोज असते. ओहायोचा पत्ता तिला विचारायला दोन मिनिटे पुरतील. दोन महिन्यांपासून मी औषधे दुसऱ्या दुकानातून आणतो.