उंब्रजच्या बारा पत्रांची सोय

मी, चंदना अण्णाप्पा मगदूम, वय ७३, इतिहासाची निवृत्त प्राध्यापिका, अविवाहित, राहणार विश्रामबाग, सांगली, ही माझी शेवटची इच्छा स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायदा गुडघ्यांचे विचारत नाही. कोणाचा दबाव नाही. दबाव टाकायला घरात दुसरे कोणी नाही.

१. राहता फ्लॅट व बँकेतील ठेव पुतण्या चि. आर्जव याला. तो मला लहानपणापासून 'आफ्रिकाआत्या' म्हणतो. चाळीस वर्षे मी काय शोधत होते, हे त्याने एकदाही विचारले नाही. तरी रक्ताचा तोच एक. भिंतीवरचा आफ्रिकेचा नकाशा त्याने रद्दीत घालू नये, एवढीच अट.

२. टिपणांची नऊ खोकी एरिट्रियातील अस्मारा येथील संशोधक तेक्ले यांना. जगाच्या इतिहासात आफ्रिका म्हणजे दुसऱ्यांनी येऊन लढायचे मैदान, असे आम्हा दोघांनाही शिकवले गेले. ते खोडून काढण्यात आमची आयुष्ये गेली. आम्ही कधी भेटलो नाही, ईमेलवरच बोललो. टिपणे मराठीत आहेत, त्यांना वाचता येणार नाहीत. पण ज्यांना वाचता येतात, त्यांपैकी कोणी ती मागितलेली नाहीत.

३. ज्या विभागप्रमुखांनी 'सांगलीत बसून कसली आफ्रिका?' म्हणत माझा प्रबंध दोन वर्षे अडवला, त्यांना काही नाही. ते वारले आहेत हे मला ठाऊक आहे. तरीही लिहून ठेवते.

४. कपाटातील निळी फाइल. तीत बारा पत्रे आहेत, इंग्रजांच्या फौजेत गेलेले उंब्रजचे शिपाई आकाराम यांनी १९४१ साली एरिट्रियातल्या केरेनच्या लढाईवरून पत्नी बनुबाईंना धाडलेली. एकात लिहिले आहे, "हितल्या बायका भाकरी थापत न्हाईत, पीठ आंबवून तव्यावर वतत्यात. पर पोरं तशीच चुलीम्होरं बसत्यात." लढाई झाली त्या डोंगराखाली माणसे राहत होती, हे मला सरकारी कागदांत कुठेच सापडले नव्हते.

२०१३ साली बनुबाईंनी ती मला दिली. मी जैन, म्हणून त्या दिवशी त्यांनी माझ्यापुरते बिनकांद्याचे पिठले वेगळे केले होते. म्हणाल्या, "वाचून झाली की आणा, बाई. मी मेल्यावर माज्यासंगं सरणावर जायाची हायत ती." मी आठ दिवसांचा शब्द दिला.

वर्षभराने त्यांची नात पूजा हिचा फोन आला. "आवं बाई, आजी आता उठत न्हाई. लय येळा पत्रं मागतीया."

मी म्हणाले, सापडत नाहीत. पत्रे माझ्या पुढ्यात टेबलावर होती. एवढा अस्सल पुरावा जळून जाईल, ही मला भीती. चार दिवसांनी बनुबाई पत्रांवाचून गेल्या. पुढे त्या पत्रांवरचा माझा इंग्रजी लेख छापून आला. तेक्ले यांच्याखेरीज कोणी वाचल्याचे कळले नाही.

सदर पत्रे माझ्या पश्चात पूजा हिला द्यावीत.

(वरचे वाक्य खोडले आहे.) माझ्या पश्चात म्हणजे पुन्हा वाट बघायला लावणे. मला लाज वाटते. अकरा वर्षे वाटते आहे आणि सांगायला कोणी नव्हते, म्हणून ते इथे लिहिले. उद्या सकाळच्या एसटीने मीच फाइल घेऊन उंब्रजला जाते. पूजाने ती कृष्णेत सोडली तर तो तिचा हक्क. दारातूनच सुनावले, तर उभी राहून ऐकेन.

सही : चंदना अ. मगदूम
स्थळ : सांगली. दिनांक : ९ नोव्हेंबर २०२५

साक्षीदार :
१. नानासो शेटे, कोपऱ्यावरचे झेरॉक्सवाले
२. गुणमाला चौगुले, समोरच्या फ्लॅटमधील. ओळख आज सकाळी झाली

कलम ४ मधील खाडाखोडीवर तिघांच्याही सह्या केल्या आहेत.