सायकलला पाडलेली दोन भोकं

अण्णा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली तरी त्या दोन भोकांचा राग माझ्या डोक्यातून गेलेला नाही, हे आधीच सांगून टाकते. पहिल्या पगारातून घेतलेली अल्युमिनियमची डोंगरी सायकल होती ती. सातारा परिसरातल्या आपल्या घराच्या गेटात उभी केली, तेव्हा तुम्ही फ्रेमवर टिचकी मारली आणि म्हणालात, "भांड्यासारखी वाजतीय. अन् तुझ्या उंचीला लहान पडती." कौतुकाचा एक शब्द नाही! जन्मभर कंपनीत फिटर होतात, म्हणून जगातल्या प्रत्येक वस्तूला नावं ठेवायची का? मी चिडून सीट वर ओढली. तर लगेच, "सीटची दांडी त्या रेघेच्या वर काढू नको. रेघ काय नक्षी म्हणून मारलीय व्हय?" मी म्हणाले, तुम्हाला यातलं काय कळतं.

मग ती दुष्काळाची वर्षं आली. बोअरला नुसती हवा येतेय, टँकर चार गल्ल्या सोडून उभा राहतोय, आणि तुम्ही मला सांगताय, "सायकलवर दोन कॅन आण गं." मी साफ नाही म्हणाले. ही पाणी वाहायची सायकल नाही, हिला कॅरिअरच बसत नाही. दोन दिवसांनी मी कामावरून येते, तर मागच्या नळ्यांना ड्रिलनं आरपार भोकं पाडून तुम्ही लोखंडी कॅरिअर कसलेला, दोन्हीकडं कॅन लटकलेले, आणि वर मलाच विचारताय, "बसला का नाय?" अण्णा, विचारायचं तरी! त्या घरात फक्त माझी म्हणावी अशी ती एकच वस्तू होती. मी त्या दिवशी काय काय बोलले ते सगळ्या गल्लीनं ऐकलं. तुम्ही खाली मान घालून बोल्ट पुसत होतात.

तुमच्यामागं मी कॅरिअर काढून फेकला, पण भोकं कुठं जातात? डोंगराच्या पायथ्याला प्लॉट पडले, पायवाटेवर फ्लॅट उभे राहिले, मी मात्र तीच सायकल चालवत राहिले. कुठं करकर वाजलं की पहिली शिवी तुमच्या भोकांना. सोबत सायकल चालवणारे विचारायचे, "ये किसने किया?" मी सांगायचे, "आमच्या वडिलांनी, और कौन!"

गेल्या आठवड्यात फ्रेमला चीर गेली. क्रांती चौकाजवळच्या मिस्त्रीला मी त्यानं बघायच्या आधीच सांगितलं, भोकांतूनच गेली असणार. त्यानं सायकल उलटी केली. म्हणाला, "मॅडम, भोकं तर एकदम साफ हैं. काठ घासून, वॉशर टाकून काम केलंय कुणीतरी. चीर इथं आहे, सीटच्या सांध्यात. दांडी कितनी ऊपर रखते? सगळा जोर सांध्यावर येतो." त्यानं बोट ठेवलं. आत राहायला हवी ती रेघ चांगली चार बोटं बाहेर होती. पहिल्या दिवसापासून.

आता हा राग मी कुणावर काढू, सांगा ना! एकदा सांगून गप्प कशाला बसलात? कान पिळायचा होता माझा. फ्रेम भंगारात द्या म्हणाला मिस्त्री. मी ढकलत घरी आणली, गेटात उभी आहे.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून एक लिहिते. त्या उन्हाळ्यात तुम्ही पाणी आणून दमून पडलात की तुमच्या कॅनमधलं तांब्याभर पाणी मी रोज चोरून घ्यायचे. सायकल पुसायला.