हिच्या लॅपटॉपचा प्रोसेसर

३ मार्च, सोमवार. सकाळी ७.१०
ही बहिणीकडे जाऊन आज एकोणीस दिवस. जाताना म्हणाली होती, तुझ्या त्या कॉम्प्युटरच्या पंख्याने डोकं उठतं. म्हणजे कारण पंखा. मी नव्हे. कारण सापडलं की निम्मं काम झालंच.
संकल्प: पंधरा दिवसांत कॉम्प्युटर इतका शांत करायचा की चालू आहे की बंद, तेच कळू नये. मग फोन करायचा. तोवर मुळीच नाही. तिलाही जरा वाटू दे.

४ मार्च, मंगळवार
कॉम्प्युटरवेड्यांच्या ऑनलाइन फोरमवर ‘थंडोबा’ म्हणून एक गृहस्थ आहेत. माझे जिवलग मित्र. भेट झालेली नाही, खरं नावही माहीत नाही. त्यांनी युक्ती सांगितली: डेस्कटॉपमध्ये लॅपटॉपचा प्रोसेसर बसवा. माझ्या जुन्या मदरबोर्डात तो बसतो. लॅपटॉपसाठी चिप निवडून घेतलेली असते. कमी विजेवर भागवणारी, लवकर न तापणारी. तापत नाही म्हटल्यावर पंख्याला बोंबलायचं कारणच काय? शिवाय वेगावर कंपनीचं कुलूप नाही, ओव्हरक्लॉक कराल तेवढी पळते.
पण मला वेग नको, शांतता हवी. इथे स्पष्ट लिहून ठेवतो.

६ मार्च, गुरुवार
नेमका तसलाच लॅपटॉप कपाटात आहे. हिचा. शाळेच्या प्रश्नपत्रिका त्यावर करायची. जाताना नेला नाही, म्हणजे परत यायचंय. आणि परत यायचंच आहे, तर तोवर मी वापरला तर बिघडलं कुठे?

८ मार्च, शनिवार. सकाळी ११.३०
खोलला. अठ्ठावीस स्क्रू. कीबोर्डखाली बिस्किटाचा चुरा आणि हिचा एक लांब केस. चुरा झटकला. केस स्क्रूंच्या डबीत ठेवला. का, ते माहीत नाही.

दुपारी ४.००
बसला! सुरू झाला! पंखा ऐकायला कान लावावा लागला. जिंकलो. हिला फोन करायला उठलोच होतो, पण आधी थंडोबांना कळवलं. ते म्हणाले, छान, पण पळवलीत किती?

९ मार्च, रविवार
थोडीशीच पळवली. बघण्यापुरती. दीडपट. फोरमवर थंडोबांनी पाठ थोपटली, आणखी अकरा जणांनी वाहवा केली. माझ्या लग्नातसुद्धा एवढी माणसं माझ्याशी बोलली नव्हती. पंख्याचा वेग किंचित वाढवावा लागला. तात्पुरता.

११ मार्च, मंगळवार
पहिल्या पंख्याच्या मदतीला दुसरा बसवला. आवाज पूर्वीपेक्षा अंमळ जास्त. खालच्या काकू वर येऊन विचारून गेल्या, मिक्सर बिघडलाय का. काकूंचे कान फारच तिखट. जेवण उभ्यानेच. टेबलावर जागा नाही.

१३ मार्च, गुरुवार. संध्याकाळी ६.४५
हिचा फोन! स्वतःहून! शनिवारी लॅपटॉप न्यायला येतेय, जुन्या प्रश्नपत्रिका त्यात आहेत, म्हणाली. निव्वळ निमित्त. प्रश्नपत्रिकांसाठी कुणी दोन बस बदलून येतं का? म्हटलं, ये की, अगदी व्यवस्थित आहे. कसला आवाज येतोय, असं तिने विचारलं. रस्त्याचं काम चाललंय म्हटलं.
संकल्प: उद्या सुट्टी टाकून चिप परत लॅपटॉपमध्ये. आणि घर झाडायचं.

१४ मार्च, शुक्रवार
काढायच्या आधी वेगाचा शेवटचा एकच विक्रम करायचा होता. तापू नये म्हणून चिपवरचा हीटसिंक, म्हणजे उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा, आणखी घट्ट दाबला. कट्ट असा बारीक आवाज आला. स्क्रीन काळी ती काळीच.
दुरुस्तीवाल्याने भिंगातून पाहिलं. म्हणाला, साहेब, डेस्कटॉपच्या चिपवर पत्र्याचं झाकण असतं, ही उघडी आहे. हिच्यावर एवढा दाब देतात का? कोपरा उडालाय, आता काही होणार नाही. मी म्हटलं, इतके दिवस तिची काहीच तक्रार नव्हती.
घर झाडायचं राहिलं.

१५ मार्च, शनिवार. संध्याकाळी ५.३०
आली आणि गेली. बारीक झालीय.
टेबलावर लॅपटॉप सुटा पडलेला. खरं ते सांगितलं: तुझ्यासाठीच केलं, पंख्याचा आवाज जावा म्हणून. चिडली असती तर बरं वाटलं असतं. चिडली नाही. डिस्कवर प्रश्नपत्रिका आहेत, तेवढी काढून दे, म्हणाली. दिली. चहा टाकू का विचारलं. बस चुकेल म्हणाली.
चपला घालताना म्हणाली, जायच्या दिवशी तिने दोन गोष्टी सांगितल्या होत्या. पंख्याची दुसरी. पहिली मला ऐकूच गेली नव्हती, मी पाठमोरा बसून नुसतं हं म्हटलं होतं.
पहिली कोणती, विचारलं. राहू दे आता, म्हणाली.

१६ मार्च, रविवार. सकाळी ८.००
थंडोबांचा निरोप: पुढचा आकडा कधी? उत्तर दिलं नाही. फोनवरच वाचलं, कॉम्प्युटर बंद आहे. डेस्कटॉपची जुनी चिप परत बसवता येईल. बसवली नाही.
फार एकटं वाटतंय. स्क्रूंच्या डबीतला केस द्यायचा राहिला. असा कुणी केस परत देतं का, पण राहिला खरा.
घरात कसलाच आवाज नाही. नळ टपकतो, तो आज कळला. आता कुणी काही सांगितलं, तर पहिल्या शब्दापासून ऐकू येईल.
संकल्प पूर्ण. मुदतीच्या दोन दिवस आधी.