ढगात शिरलं की डावीकडे

सोमवार, ३ मार्च
बाबा पुन्हा नापास! सत्तावीस वर्षं विमान चालवलेला माणूस — आणि मी ज्याची देखभाल करते त्याच सिम्युलेटरमध्ये, जमिनीवरच्या त्या नकली विमानात, ढगात शिरला की विमान डावीकडे कलंडवतो. परीक्षक म्हणाले, "वय झालं, कॅप्टन. हे नवे आकड्यांचे पडदे झेपत नाहीत तुम्हाला." बाबा हसले. ते हसू बघवेना.

मंगळवार, ४ मार्च
परवाना टिकवायची शेवटची संधी शुक्रवारी. आई म्हणते, "तू तिथलीच ना? काहीतरी कर की!" काय करू, डोंबल!

बुधवार, ५ मार्च
जेवणाच्या सुट्टीत बाबांना गुपचूप आत बसवलं. पडद्यांवरचे आकडे काढले, त्यांच्या सवयीच्या जुन्या काट्यांच्या तबकड्या लावल्या. ढग आला — पुन्हा डावीकडे! म्हणजे पडद्यांचा दोष नाही. मग सिम्युलेटरची खोली हलवणारे खालचे यांत्रिक पाय बंद केले. नवेच पडदे, तोच ढग — आणि काय अलगद उतरवलं विमान! मी टाळ्याच पिटल्या. म्हटलं, "बाबा, तुम्ही नाही, यंत्र चुकतंय!" घरी येऊन बाबा कित्येक दिवसांनी पोटभर जेवले.

गुरुवार, ६ मार्च
दिवसभर मोजत बसले. सहाही पाय. पडद्यावर विमान कललं की खोली किती वेळात कलते — तीनतीनदा. केसाएवढाही फरक नाही. बाकीच्या पायलटांच्या नोंदी काढल्या. सगळे सरळ. एक तरी चूक सापडू दे रे देवा!

परीक्षकांना विनवलं, "उद्या पाय बंद ठेवून परीक्षा घ्या ना."

"खरं विमान न हलता उडतं का गं?"



शुक्रवार, ७ मार्च
नापास. बाबा माझ्याकडे न बघता जिना उतरून गेले. खोटी आशा मीच लावली त्यांना. कुठल्या तोंडाने घरी जाऊ?

शनिवार, ८ मार्च
सकाळी बाबा एका पायावर उभे राहून मोजा घालत होते. एकदम भिंत धरली. डोळे गच्च मिटलेले.

"घर फिरतंय गं. डिसेंबरपासून होतंय असं. वाटलं, थकवा असेल."

डिसेंबरपासून! म्हणजे तीन महिने — खऱ्या विमानात, खऱ्या ढगात, पाठीमागे दीडशे माणसं.

ढगात बाहेरचं दिसेनासं झालं आणि खोली हलली की कानातला तोलच त्यांना फसवत होता, यंत्र नव्हे. कानाच्या डॉक्टरांकडे निघालोय. निघण्याआधी परीक्षकांना फोन लावला. आभार मानले.